किमान आणि कमाल: बाजारभावाच्या यादीतली दोन टोके

मानवत, सेलू, परभणी बाजार समित्यांच्या भावनोंदीत शेतमालापुढे तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, रुपये प्रतिक्विंटल. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला, तो. अशा अनेक दरांच्या यादीतून किमान आणि कमाल ही टोके संगणकावर शोधायची, तर:

• पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ ही फंक्शने तयार मिळतात. एक्सेलमध्येही त्याच नावांनी.

• स्वतः कोड लिहिताना यादीतला पहिला दर हाच तात्पुरता किमान आणि कमाल धरायचा, मग पुढचा एकेक दर त्याच्याशी ताडून पाहायचा. सुरुवात शून्यापासून केली, तर किमान शून्यावरच अडकते.

• १०० दरांत किमान शोधायला ९९ तुलना. दोन्ही टोके वेगवेगळी शोधल्यास १९८. दर जोडीजोडीने घेतल्यास १४८ पुरतात.

• सर्वांत फसवी चूक: दर संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवणे. मग तुलना अक्षरवार होते आणि ‘१०२००’ हा ‘७१००’ पेक्षा लहान ठरतो.

• बाजार बंद असलेल्या दिवसाची शून्य नोंद आधी वगळावी. यादी रिकामी असेल, तर पायथॉन उत्तराऐवजी एरर देते.