रात्रपाळींतल्या गमती

आमच्या हदगांवच्या घरीं दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली म्हणजे चिवड्याइतकीच आणखी एका गोष्टीची मागणी असते; ती म्हणजे धाकट्या आत्याबाईंच्या तोंडच्या दवाखान्यांतील हकीकती. आत्याबाईंनीं नांदेड जिल्ह्यांतील निरनिराळ्या तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांतून एकतीस वर्षें चाकरी केली. निवृत्त होतांना सरकारदरबारीं त्यांचा हुद्दा 'अधिपरिचारिका' असा भारदस्त होता. रोग्यांच्या लेखीं मात्र त्या अखेरपर्यंत 'शिष्टर'च राहिल्या. त्यांतील बरींच वर्षें अपघात-विभागांत, आणि तींही रात्रपाळीला गेलीं. ज्याला सगळे 'कॅज्युअल्टी' म्हणतात ती ही जागा मोठी विलक्षण. दिवसां माणूस दवाखान्यांत जातो तो केस विंचरून, स्वच्छ सदरा घालून. रात्रीं दोन वाजतां येतो तो जसा असेल तसा.

एकदां एका म्हातारीच्या छातींत कळ आली म्हणून नातवानें तिला मोटारसायकलीवर दोघांच्या मध्यें बसवून आणलें. केसपेपर भरावयाचा होता. वय विचारलें, तर उत्तर आलें, "रझाकाराच्या वक्ताला मी परकरांत व्हते." चालू सालांतून १९४८ वजा करून, त्यांत परकराचीं आठ-दहा वर्षें मिळवून आत्याबाईंनीं आंकडा लिहिला. मराठवाड्यांतल्या जुन्या माणसांचें वय काढण्याची ही रीत त्यांना पाठच झाली होती. पुढें नवऱ्याचें नांव विचारतांच गाडें अडलें. छातींत कळा येत असतांही म्हातारी नवऱ्याचें नांव उच्चारीना. नातू औषध आणावयास गेलेला. शेवटीं ती म्हणाली, "सोमवारी उपास कुनाचा धरता? त्योच." आत्याबाईंनीं 'महादेव' लिहून टाकलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा आला आणि वडिलांचें नांव शंकर आहे म्हणून हुज्जत घालूं लागला. त्या एका शब्दाच्या दुरुस्तीसाठीं तीन सह्या लागल्या. आत्याबाई म्हणतात, देव एकच असला तरी केसपेपर तें मानीत नाहीं.

दुसरी गोष्ट सापाची. हळदीला रात्रीं पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पायाला कांहीं तरी चावलें. आमच्याकडे शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रींच मिळते, त्यामुळें शेतकऱ्याची आणि सापाची पाळी एकच. गृहस्थ धीराचे; त्यांनीं साप जिवंत पकडला, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणींत घातला आणि 'वळख पटावी' म्हणून बरणी कांखेंत मारून ते दवाखान्यांत दाखल झाले. वास्तविक ह्याची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस देतात. साप धरण्याच्या खटपटींत दुसरा दंश होण्याचें भय मात्र असतें. दवाखान्यांत रोग्याचें थोडें रक्त काचेच्या कोरड्या नळींत घेऊन वीस मिनिटें न हालवितां ठेवतात. तें गोठलें नाहीं तर घोणस-फुरशाचें विष अंगांत भिनलें असें समजतात. आत्याबाई घड्याळाकडे डोळे लावून त्या नळीवर पहारा करीत असतां बरणीचें झांकण सैल झालें. पुढच्या मिनिटभरांत त्या खोलीच्या जमिनीवर फक्त साप उरला. तरुण डॉक्टर टेबलावर, ज्याला पाऊल उचलवत नव्हतें असा एक पोटदुखीचा रोगी पार रस्त्यावर, आणि चावलेले गृहस्थ खाटेवरून ओरडताहेत, "भिऊं नका, त्याचं मला चावून झालंय!" अखेर कक्षसेवक मामांनीं बादली उपडी घातली. साप म्हणजे साधी धामण निघाली, आणि नळींतलें रक्तही वेळेवर गोठलें. आत्याबाई स्वतः त्या वेळीं कोठें होत्या हें मात्र त्यांच्या सांगण्यांत कधींच येत नसे.

अशा गोष्टींना हंसणें निष्ठुरपणाचें आहे, असें आमच्या एका काकांचें मत होतें. मला तें कधींच पटलें नाहीं. ज्या खाटेवर सापाची गंमत झाली तिच्याच शेजारच्या खाटेवर फवारणीचें औषध प्यालेलीं माणसें आणलीं जातात. आमच्याकडे पैनगंगा ओलांडली कीं यवतमाळ जिल्हा लागतो. तेथें २०१७ सालीं कापसावर फवारणी करतांना शेंकडों शेतमजुरांना विषबाधा झाली आणि कित्येक दगावले. त्या वासाचे कपडे उतरवून अंग धुवावयाचें, अ‍ॅट्रोपीनचीं इंजेक्शनें देत राहावयाचें, डोळ्यांच्या बाहुल्या आणि छातींतली घरघर पाहावयाची, आणि इतकें करून पहाटे बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगावयाचें कीं आतां उपाय राहिला नाहीं. हें सांगून आलेली बाई चार वाजतां चहा पितांना बरणींतल्या सापाची आठवण काढून हंसली, तर तिला काय म्हणावें? ती हंसली नाहीं तर दुसऱ्या दिवशीं कामावर येणारच नाहीं. आत्याबाईंच्या बरोबरीच्या कांहीं जणी खरोखरच आल्या नाहींत.

तेव्हां हंसण्याबद्दल माझी तक्रार नाहीं. सांगण्याबद्दल मात्र एका दिवाळीला असा प्रसंग घडला कीं आमच्या घरांतील हा कार्यक्रम दोन वर्षें बंद पडला.

त्या दिवशीं आत्याबाई एक नवीन हकीकत सांगत होत्या. ती हकीकत मी येथें लिहीत नाहीं. नांव त्यांनीं घेतलें नव्हतें, गांवही सांगितलें नव्हतें. माजघरांत हंशा उसळला असतां ओसरीवर दूध घालणारी बाई किटली घेऊन उभी असल्याचें माझ्या बहिणीनें पाहिलें. ती केव्हांपासून उभी होती कोण जाणे. तिनें दूध मापलें, हिशेबाच्या वहीवर रेघ ओढून घेतली आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन तिचा धाकटा दीर येऊं लागला. हकीकत तिचीच होती.

पुढें कळलें तें असें. त्यानंतर चार-सहा महिन्यांनीं तिच्या पोटांत दुखूं लागलें तेव्हां तिनें तें पुष्कळ दिवस अंगावर काढलें, आणि अगदीं असह्य झालें तेव्हां घराजवळचा दवाखाना सोडून ती नांदेडला गेली. नांदेड आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. तेथें तिला ओळखणारें कोणी नव्हतें, एवढाच त्या दवाखान्याचा तिच्या दृष्टीनें गुण. ती बरी झाली ही देवाची कृपा. आत्याबाई एका दुपारीं एकट्याच तिच्या घरीं जाऊन आल्या. तेथें काय बोलणें झालें तें त्यांनीं आम्हांला सांगितलें नाहीं.

आपल्या शास्त्रांत ह्याविषयीं काय आहे म्हणून मीं चरकसंहिता काढून पाहिली. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत गुरु शिष्याला वैद्यकीचे नियम घालून देतो. त्यांत रोग्याच्या घरांत ओळखीच्या माणसाबरोबर, मान खालीं घालून जावें, आणि तेथील गोष्टी बाहेर फोडूं नयेत, असें बजावलें आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत परिचारकाचे चार गुण दिले आहेत: शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्यावर लोभ आणि शुचिता. मौनाचें बंधन आहे तें वैद्याला. परिचारकाच्या चौकडींत तें नाहीं! परिचारक घरचाच असेल अशी त्या काळची कल्पना असावी. पाश्चात्यांकडे ही उणीव १८९३ सालीं भरून निघाली. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं परिचारिकांसाठीं जी प्रतिज्ञा तयार झाली तींत रोग्याच्या खाजगी व कौटुंबिक गोष्टी गुप्त ठेवण्याचें वचन आहे. तिला नाइटिंगेलबाईंचें नांव असलें तरी ती त्यांनीं लिहिलेली नाहीं. आपल्याकडील परिचर्या-विद्यालयांतून मुली हातांत दिवे घेऊन हीच प्रतिज्ञा म्हणतात. आत्याबाईंनींही म्हटली होती. दिव्याचें तेल साडीवर सांडल्याचें त्यांना आठवतें, शब्द विशेष आठवत नाहींत. अलीकडे कायदेही झाले आहेत. एच्. आय्. व्ही.बाधिताची बाधा त्याच्या संमतीवांचून उघड करणें आणि मानसिक रोग्याचें छायाचित्र परवानगीवांचून प्रसिद्ध करणें, ह्या दोहोंना २०१७ च्या दोन कायद्यांनीं मनाई आहे.

परंतु ह्या सर्व नियमांचा मुख्य आधार 'नांव घेऊं नये' हा. आणि तालुक्याच्या गांवीं तोच लटका पडतो. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकेनें 'एक बाई आली होती' म्हटलें तर ती बाई लाखांत हरवते. हदगांवांत 'एक बाई आली होती, गेल्या श्रावणांत' इतकें म्हटलें कीं बाजारांतले चार जण आळी सांगतात आणि पांचवा घर दाखवितो. लहान गांवांत नांव गाळल्यानें माणूस गाळला जात नाहीं. त्यांत आतां प्रत्येकाच्या हातीं कॅमेऱ्याचा फोन. एका मुलानें नाणें गिळलें, त्याचा एक्स-रे गंमत म्हणून कोणीं तरी फोनवरून पुढें धाडला. तो फिरत फिरत मुलाच्या मामाकडे पोंचला, कारण चित्राच्या कोपऱ्यांत मुलाचें नांव आणि वय छापलेलेंच होतें. आत्याबाईंच्या काळीं गोष्ट फार तर माजघरांतून ओसरीवर जात असे.

मग परिचारिकांनीं तोंडाला कुलूपच घालावें काय? डॉक्टरांच्या आठवणींचीं पुस्तकें आपण कौतुकानें वाचतों, डॉ. रवी बापट ह्यांचें 'वॉर्ड नं. पाच, केईएम' अनेक घरांच्या कपाटांत असेल. त्याच वॉर्डांत रात्रभर उभ्या असलेल्या बाईनें तोंड उघडलें कीं तिला आपण चहाड म्हणावें, हा न्याय मला मान्य नाहीं. शिवाय सांगण्यानें जीवही वांचतात. आमच्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यांतील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत असतांना विंचवाच्या प्रत्येक रोग्याजवळ रात्र-रात्र बसले. कोणत्या वेळीं घाम सुटतो, कोणत्या वेळीं हृदय थकतें, हें टिपून ठेवीत गेले आणि १९८२ सालीं 'लॅन्सेट' ह्या विलायती नियतकालिकांत तें प्रसिद्ध केलें. पुढें प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग त्यांनीं दाखवून दिला. विंचवानें दगावणाऱ्यांची संख्या अगदीं थोडक्यावर आली. तींही रोग्यांचींच गाऱ्हाणीं, आणि तीं सर्व जगाला सांगितलीं. पण त्यांत कोणाचें हंसूं झालें नाहीं.

आत्याबाई दोन वर्षांनीं पुन्हा सांगूं लागल्या, त्या आपल्यापुरता एक शिरस्ता ठरवून. ज्याची गोष्ट, त्याला आधीं विचारावयाचें. विचारण्याची लाज वाटली तर ती गोष्ट सांगण्याजोगी नव्हेच. ह्या चाळणींतून निम्म्याहून अधिक गोष्टी खालीं पडल्या, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत अधिक हंसविणाऱ्या होत्या. पुष्कळ माणसें तर गेलीं, कांहींचा पत्ता नाहीं. त्यांच्याही गोष्टी बंद. म्हातारीच्या नातवानें मात्र आजीची आठवण म्हणून आनंदानें होकार दिला.

हा लेख लिहावयाचा ठरल्यावर सापवाल्या गृहस्थांनाही विचारावें म्हणून आत्याबाईंना घेऊन मी त्यांच्या शेतावर गेलों. (शेत हळदीचें होतें कीं दुसऱ्या कशाचें, हें मीं बदललें आहे कीं नाहीं, तेंही सांगत नाहीं.) त्यांनीं बाज टाकली, चहा करावयास सांगितलें आणि माझें म्हणणें नीट ऐकून घेतलें.

"लिवा की," ते म्हणाले, "पर डॉक्टरसाहेब टेबलावर चढले व्हते, ते बी लिवा. आमचंच काऊन लिवता?"

तें लिहिणारच आहें असें मीं सांगतांच त्यांचा चेहरा खुलला, आणि सारी हकीकत त्यांनीं आरंभापासून स्वतः सांगितली. ती आत्याबाईंच्यापेक्षां कितीतरी सरस होती. बरणी त्यांच्या बायकोची होती आणि तींत अजून अर्धें लोणचें शिल्लक होतें, हें आम्हांला प्रथमच कळलें. बायकोला सापापेक्षां लोणच्याचें दुःख अधिक. टेबलाचा प्रसंग आला तेव्हां ते थांबले आणि आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर मागून चढले. पहिल्यांदा शिष्टरबाई चढल्या. त्यांनीच हात देऊन डॉक्टरला वर घेतलं."

आत्याबाईंनीं कपांतला चहा बशींत ओतला आणि तो संपेपर्यंत मान वर केली नाहीं.