समुद्रपूरची काळी माती आणि शहरी परसबाग

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हे तालुक्याचे ठिकाण काळ्या मातीच्या पट्ट्यात वसले आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती कापसाला मानवते. परंतु तीच माती कुंडीत किंवा गच्चीवरील वाफ्यात जशीच्या तशी भरल्यास भाजीपाला जोम धरीत नाही.

याचे कारण मातीच्या घडणीतच आहे. तिच्यातील चिकण कण पाण्याने फुगतात व वाळल्यावर आकसतात. कुंडीत ती घट्ट बसून मुळांची हवा तोडते; वाळताच कडांपासून सुटते आणि दिलेले पाणी त्या फटीतून वाहून जाते. शिवाय ती जड असते. एक चौरस मीटर जागेवर 30 सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर सुमारे 500 किलो भरतो. वापराच्या साध्या गच्चीचा आराखडा मात्र चौरस मीटरला सुमारे 150 किलो वापरभार धरून केलेला असतो.

या दोन्ही अडचणींवर कंपोस्ट खत हा सुलभ उपाय होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धती त्यांच्याच नावावरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर रचतात. सुमारे 1,400 किलो काडीकचऱ्यास 100 किलो शेण पुरते आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

काळी माती, कंपोस्ट व जाड वाळू समभाग घेतल्यास कुंडीतील मिश्रण भुसभुशीत राहते. गच्चीवर वाळूऐवजी चांगले कुजलेले सोयाबीनचे कुटार वापरून वजन कमी करावे. कच्चे कुटार घालू नये. ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते. पालेभाज्यांना 15 सेंटिमीटरचा थर पुरतो. तरीही वाफे भिंती व तुळयांच्या वरच ठेवावेत आणि मोठ्या मांडणीपूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. कंपोस्ट झिजून थर खाली बसतो, म्हणून दर हंगामात नव्या खताची भर आवश्यक असते.

खताचा कस मात्र घरातच ठरतो. ओल्या कचऱ्यात काच, प्लॅस्टिक वा बॅटरी मिसळली, तर ते खत भाजीसाठी निरुपयोगी होते. कचऱ्याचे वर्गीकरण 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. नगरपंचायत, ग्रामपंचायती व शाळा यांनी त्याची सवय रुजविल्यास गावचा कचरा गावच्याच मुलांच्या ताटात भाजी होऊन परतेल.