यकृताच्या गोष्टी : लेखांक ६ – एकच काढा, एकटीलाच कावीळ

२०२० च्या पावसाळ्यात महाल भागातल्या आमच्या वाड्यात रोज सकाळी काढा उकळायचा. मागच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढली होती. तिच्या सुतळीसारख्या मुळ्या वरून खाली लोंबत असत. शेजारच्या काकू बोटाएवढ्या कांड्या तोडायच्या, वरची पातळ साल खरवडून ठेचायच्या आणि तुळस-सुंठ घालून पातेलं गॅसवर चढवायच्या. पाच बिऱ्हाडं, एकच पातेलं. दिवाळीनंतर डोळे पिवळे झाले ते एकट्या काकूंचे. काढ्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण तो तर सगळेच पीत होते.

मागच्या आठवड्यात आपण पॅरासिटामॉल पाहिलं. त्याची मात्रा बेसुमार वाढली तर कुणाचंही यकृत होरपळतं. आजचा प्रकार वेगळा आहे. इथे नुसती मात्रा मोजून भागत नाही, औषध कुणाच्या पोटात गेलं हेही बघावं लागतं.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणारे आणि यकृत बिघडलेले सहा रुग्ण डॉ. आभा नागरळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसतं, तसं चित्र त्यांच्या यकृतात होतं. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल पोटात गेली असेल, अशी हरकत आयुष मंत्रालयाने घेतली. हरकत रास्तच होती. वेलींची गफलत होते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हाती लागलेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली होती, आणि यकृत बिघडवणारं दुसरं काही त्यांत मिळालं नाही.

मग बाकीची चार बिऱ्हाडं सुखरूप कशी? आपली जवळपास प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे एका तबकात ठेवून दाराशी धरते. हे तबक म्हणजे एचएलए. त्याचा साचा सहाव्या गुणसूत्रावर असतो आणि तो माणसागणिक बदलतो. एखाद्याच्या तबकाच्या खळग्यात औषधाचा अंश असा काही चपखल बसतो की पहाऱ्यावरच्या टी-पेशींना ती पेशीच परकी वाटते. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या दहा जणांची तपासणी झाली, तेव्हा सात जणांकडे एचएलए-बी ३५:०१ हे एकच तबक निघालं. (या गोळ्या होत्या, काहींत मिरीचा अर्कही होता. फोडणीतल्या चिमूटभर हळदीला कुणी भिऊ नये.)

तबक ओळखलं तरी हल्ला लगेच होत नाही. टी-पेशींना आवर घालणारे संदेश असतात. पीटीपीएन२२ हे जनुक त्यांतल्याच एका प्रथिनाचं. त्यातल्या एका बदलाने वेगवेगळ्या औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेचा धोका वाढतो, हे २०१९ मध्ये दिसलं. संधिवातातही हाच बदल सापडतो. पण तो युरोपीय लोकांत बराच, आशियात क्वचित. म्हणून आपल्या माणसांची जनुकं आपणच तपासायला हवीत, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडे औषधाने होणाऱ्या यकृताच्या इजेत क्षयाच्या गोळ्या सर्वांत पुढे आहेत. बेंगळुरूच्या एका रुग्णालयातल्या ३१३ रुग्णांत त्यांचा वाटा ५८ टक्के होता. भारतीय रुग्णांच्या तपासणीतून या गोळ्यांशी जोडलेलं तबक मिळालं ते बी ५२:०१.

मात्र तबक आहे म्हणून कावीळ होतेच असं नाही. फ्लुक्लोक्सॅसिलिन या प्रतिजैविकाशी बी ५७:०१ चं नातं पक्कं आहे, तरी ते तबक असलेल्या पाचशे ते हजार जणांत एखाद्यालाच त्रास होतो. त्यामुळे आधी जनुकं तपासत बसण्यापेक्षा खुणा ओळखणं मोलाचं: अन्नावरची वासना जाणं, मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज. त्या दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठून एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासावं. क्षयाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सोडू नयेत.

काकूंनी आधी कावीळ उतरवून घेतली, आणि ते तीन आठवडे काढाही चालू ठेवला. पुढे दोन डॉक्टरांनी "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं, "काहीच नाही." तिसऱ्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, ते सांगा."

"आधी काढा," काकू म्हणाल्या, "मग चहा."