तापीकाठी मिटलेले वारसे

सतराव्या शतकात जर्मनीत एखाद्या राजाने डोळे मिटले, की त्याच्या घरात आपल्याकडच्या खातेदाराच्या घरासारखाच प्रश्न उभा राही: वाटणी करायची, की सगळे थोरल्याच्या नावावर? गोथाचा ड्यूक अर्न्स्ट १६७५ मध्ये वारला, मागे सात मुलगे. १६८० मध्ये राज्याचे सात तुकडे झाले. हॅनोव्हरच्या अर्न्स्ट ऑगस्टने सगळे थोरल्याला द्यायचे ठरवले, तर धाकट्याने कट केला आणि १६९२ मध्ये त्यापायी एका दरबाऱ्याचे शीर उडाले. मोगलांनी यांतली एकही वाट धरली नाही. हुमायूनने भावांना प्रांत देऊन त्याची फळे भोगली होती. अकबरापासून राज्य अखंड राहायचे हे पक्के झाले. मात्र ते कोणाच्या हाती अखंड राहायचे, हे आधी ठरवायचे नाही. या न ठरवण्याची किंमत एका शहराने जवळून पाहिली, ते म्हणजे तापीकाठचे बुऱ्हाणपूर.

हा निव्वळ योगायोग नव्हता. १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांकडे आला आणि बुऱ्हाणपूर दख्खनच्या मोहिमांचे ठाणे झाले. (खानदेशच्या ज्या फारुकी सुलतानांकडून तो गड घेतला, ते आपले भाऊबंद याच गडावर कैदेत ठेवत, शेवटचा बहादूरशहा गादीवर येण्यापूर्वी तिथलाच कैदी.) शहजाद्याला फौज, खजिना आणि आपली माणसे जोडायची तर दख्खनसारखी जागा नाही, आणि महत्त्वाकांक्षी मुलगा आग्र्यापासून लांब असलेला बापालाही बरा. म्हणून दावेदार एकामागून एक इथेच आले. मुलगा दानियाल याच्यासाठी अकबराने खानदेशाचे नाव ‘दानदेश’ केले. तो अकबराच्या थोडाच आधी इथे वारला. जहांगीरचा थोरला मुलगा खुस्रो बंडानंतर दृष्टी अधू केलेला कैदी होता. दख्खनवर जाताना खुर्रमने, म्हणजे पुढच्या शहाजहानने, त्याला आपल्या ताब्यात मागून घेतले. १६२२ मध्ये खुस्रो बुऱ्हाणपुरात मेला आणि दरबाराला पोटशूळाचे कारण कळवले गेले. १६२६ मध्ये त्यांचा मधला भाऊ परवेझही इथेच गेला. पुढच्याच वर्षी जहांगीर वारला, तेव्हा खुर्रमसमोर उभा राहील असा मोठा भाऊ उरला नव्हता.

दानियाल आणि परवेझ तर दारूने गेले, त्यात वारसापद्धतीचा काय दोष, असे कोणी म्हणेल. दारूची गोष्ट खरी आहे. पहारा बसवल्यावर दानियालला बंदुकीच्या नळीतून दारू पोहोचवली गेली आणि नळीतला गंज तिच्यात उतरला, हे खुद्द जहांगीरनेच लिहून ठेवले आहे. पण बापाच्या व्यसनाशी मुलांचा काय संबंध? १६२८ मध्ये शहाजहानच्या हुकमावरून लाहोरात जे कापले गेले, त्यांत खुस्रोच्या मुलांबरोबर दानियालचेही दोन मुलगे होते, तहमूरस आणि होशंग. दारूने एक दावेदार गेला. त्याचे वंशज मात्र केवळ दावेदाराच्या पोटी जन्मल्यामुळे गेले. तापीकाठी यकृताचा आजारही राजकीय घटना ठरे, तो यामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या चढाओढीतून कर्तबगार बादशहा वर आले, फौज आणि सरदार सांभाळणे त्यांना आधीच शिकावे लागले, असे काही इतिहासकार मानतात. शहाजहान आणि औरंगजेब पाहिले तर यात तथ्य आहे; १६५८ मध्ये औरंगजेब गादीसाठी उत्तरेकडे निघाला तो बुऱ्हाणपुराहूनच, दख्खनच्या फौजेनिशी. पण ही निवड कर्तबगारीची असती, तर आधीच हतबल झालेल्या खुस्रोला मारायची गरज का पडावी? शिवाय जिंकणाऱ्याचाच या पद्धतीवर विश्वास राहिला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ प्राण सोडण्यापूर्वी औरंगजेबाने मुलांनी राज्य वाटून घ्यावे असे सुचवले. म्हणजे आयुष्याच्या शेवटी तो गोथाच्या वाटेवर आला. मुलांनी ऐकले नाही. त्याच वर्षी जाजऊच्या लढाईत आझमशहा पडला, दीड वर्षाने हैदराबादजवळ कामबक्ष.

उत्तरेकडे धावता धावता आझमने एक कैदी सोडून दिला, तो म्हणजे शाहू. मोगलांच्या वारशाचे भांडण असे थेट आपल्या दारात आले आणि ताराबाईंशी शाहूची खेडला लढाई झाली. आपल्या भाऊबंदकीला आपण पुष्कळ नावे ठेवतो. ती मिटायला १७३१ साल उजाडले खरे, पण वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाले, आणि दोन्ही गाद्यांवरचे चुलतभाऊ जिवंत राहिले.