डी अँड डीचे सुधारित नियम: पुस्तक मागवण्याआधी वाचा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांची सुधारित आवृत्ती आली आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेअर्स हँडबुक, नोव्हेंबरात डंजन मास्टर्स गाइड, फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल.

मला भावली ती वेपन मास्टरी. आधी फायटर नुसते वार करायचा, मजा विझार्डची! आता वॉरहॅमरचा घाव बसला की शत्रू दहा फूट मागे ढकलता येतो, बॅटलअ‍ॅक्सने (त्याचा सेव्ह चुकला तर) आडवा पाडता येतो. हीलिंग पोशनही बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येतं. कितीतरी टेबलांवर हे आधीपासून चालायचंच म्हणा.

देवरीकरांनो, महागडी पुस्तकं मागवण्याआधी एसआरडी ५.२ (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे या सुधारित नियमांचा मोफत गाभा) ची पीडीएफ उतरवा. तिच्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, पण सुरुवातीला पुरे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्याने श्रेय देऊन आपली नागझिऱ्यातली मोहीम लिहून विकताही येईल.