तंत्रज्ञान व बौद्धिक संपदा वकिली (भारत)

तंत्रज्ञान व बौद्धिक संपदा वकिली ही वकिली व्यवसायाची एक शाखा आहे. सॉफ्टवेअर व इतर तंत्रज्ञानाच्या निर्मिती, विक्री आणि वापराबाबतचे करार तयार करणे, तसेच त्यांतील कॉपीराइट (प्रताधिकार), पेटंट, व्यापारचिन्ह इत्यादी हक्कांचे रक्षण करणे हे या शाखेतील वकिलांचे मुख्य काम होय. वाद उद्भवण्यापूर्वी केलेल्या लेखी मसुद्याला या कामात विशेष महत्त्व असते.

सॉफ्टवेअरची मालकी

प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर संगणक आज्ञावलीला साहित्यकृती म्हणून संरक्षण मिळाले. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीतील कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, नियोक्त्याकडे जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कंत्राटदाराला हा अपवाद लागू होत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या पतसंस्थेने बाहेरच्या प्रोग्रामरकडून हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करून घेतले, पूर्ण मोबदला दिला, पण हक्कांबाबत काहीही लिहून घेतले नाही, तर कॉपीराइट सामान्यतः प्रोग्रामरकडेच राहतो. पतसंस्थेला सॉफ्टवेअर वापरता येते. मात्र ते इतरांना विकण्याचा हक्क तिला मिळत नाही आणि प्रोग्रामर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या संस्थेला देऊ शकतो.

हक्कांचे हस्तांतरण

कलम १९ नुसार कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतरण करणाऱ्याच्या स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. दस्तऐवजात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसल्यास हस्तांतरण भारतापुरते मर्यादित मानले जाते. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर वेगळी तरतूद नसल्यास तो संपुष्टात येतो. त्यामुळे एक वाक्य राहून गेल्यास ग्राहकाचा हक्क ५ वर्षांनी संपू शकतो किंवा परदेशात निरुपयोगी ठरू शकतो. मुदत, प्रदेश आणि वापराची अट स्पष्टपणे लिहिणे हे वकिलाचे प्राथमिक कर्तव्य ठरते.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्त स्रोत घटक आहेत का, हेही तपासले जाते. जीपीएलसारख्या परवान्यांत, त्या घटकावर आधारित आज्ञावली वितरित केल्यास तिचा स्रोतही त्याच अटींवर उपलब्ध करून देण्याचे बंधन असते.

पेटंट व व्यापारगुपिते

कॉपीराइट आज्ञावलीच्या मांडणीचे रक्षण करतो, तिच्यामागील कल्पनेचे नाही. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ नुसार निव्वळ संगणक आज्ञावली व गणनविधी यांना पेटंट मिळत नाही. मात्र ही मनाई संगणक आज्ञावलीवर आधारित प्रत्येक शोधाला लागू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेरिद अलानी प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट केले.

व्यापारगुपितांचे रक्षण मुख्यतः गोपनीयता करारांद्वारे केले जाते. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत काम करण्यास सरसकट बंदी घालणारी अट भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे सामान्यतः निरर्थ ठरते. म्हणून कोणती माहिती गोपनीय आहे, हे करारात नेमकेपणाने लिहावे लागते.

पात्रता

या शाखेसाठी वकिलीची वेगळी सनद नसते. कायद्याच्या पदवीनंतर अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठी ही संस्था एकच आहे. पेटंट कार्यालयात पेटंट एजंट म्हणून काम करण्यासाठी मात्र विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातील पदवी आणि सामान्यतः स्वतंत्र पात्रता परीक्षा आवश्यक असते.