स्कॅनर गाडीशी बोलत नाही? ईसीएम बदलायच्या आधी हे तपासा

शिरवळ म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवे. इथल्या गॅरेजवर येणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा वाटेतलं, निघायच्या घाईत असतं. अशा वेळी स्कॅनर लागला नाही की लगेच ‘ईसीएम गेला’ म्हणू नका. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि तुमचं नावही. क्रमाने चला.

१) तोच स्कॅनर दुसऱ्या चांगल्या गाडीला लावा. तिथेही चालला नाही तर केबल किंवा स्कॅनरच बघा.

२) इग्निशन ऑन आहे ना? मॉडेल बरोबर निवडलंय ना?

३) आता १६ पिनच्या सॉकेटवर मल्टिमीटर. १६ नंबरला बॅटरीइतके व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत तो लायटर सॉकेटचाच असतो. ४ आणि ५ नंबरला अर्थिंग पक्कं हवं.

४) बॅटरीची निगेटिव्ह काढा, ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मिळून साधारण ६० येतात. १२० आले तर कुठेतरी वायर तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी शॉर्ट. मध्ये गेटवे असलेल्या गाडीत मात्र वायरिंग डायग्राम बघूनच ठरवा.

हे आकडे जॉबकार्डवर लिहा, गिऱ्हाइकाला दाखवा आणि तपासणीची मजुरी आधीच सांगून वेगळी घ्या. मोजून सांगितलेल्या कामाचे पैसे द्यायला माणूस कुरकुर करत नाही.